जंभेरीवरचं कलम की रंगपूरवरचं?

मे महिना लागला की पाहुण्यारावळ्यांचे फोन सुरू होतात. जावईबापू असोत की मावसभाऊ, दोन मिनिटं पावसापाण्याचं बोलणं होतं आणि मग मूळ प्रश्न निघतो: "संत्र्याची कलमं जंभेरीवरची घेऊ की रंगपूरवरची?" कलम म्हणजे एका रोपाच्या मुळावर, त्याला खुंट म्हणतात, संत्र्याचा डोळा बसवून केलेलं झाड; जंभेरी आणि रंगपूर हे असे दोन आंबट लिंबूवर्गीय खुंट. काटोलजवळ माझ्या शेतात विहिरीच्या अलीकडे जंभेरीवरचा बगीचा आहे, पलीकडे रंगपूरवरचा. त्यामुळे उत्तर मलाच द्यावं लागतं.

वरचा वाण ठरलेलाच, नागपुरी. त्यात बदल करणं आपल्या हातात फारसं नाही, आणि त्याचं कारण संत्र्याच्या बीमध्येच आहे. एका बीतून दोन-तीन कोंब येतात आणि त्यातले बहुतेक मूळ झाडाची हुबेहूब नक्कल असतात, संकराचा कोंब त्यांच्यात दबून जातो. तो जगला तरी फळ दिसायला पाच-सात वर्षं. नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचा बिनबियांचा नागपुरीसुद्धा निवडीतून आलेला आहे, आणि तोही शेवटी कुठल्यातरी खुंटावरच बसवावा लागतो. म्हणजे शेतकऱ्याची खरी निवड डोळ्याच्या खाली असते.

गंमत म्हणजे हे दोन्ही खुंट नात्यातलेच आहेत. अलीकडच्या जनुकीय अभ्यासात निघालं की जंभेरी काय आणि रंगपूर काय, दोघांचीही आई संत्रावर्गातली आणि बाप महाळुंग. स्वभाव मात्र एका घरातल्या दोन भावांचे असतात तितके वेगळे.

जंभेरीला कमी लेखायचं नाही. माझ्या वडिलांच्या पिढीचे बगीचे त्याच्यावरच उभे राहिले. झाड झपाट्याने वाढतं, मुळं खोल जातात, घेर लवकर भरतो, फळ मोठं येतं. हलक्या, पाणी पटकन झिरपणाऱ्या जमिनीत तर ते शोभूनच दिसतं. लागवडीनंतरची पहिली चार वर्षं दोन्ही बगीचे शेजारी पाहिले असते, तर मीही जंभेरीच म्हटलं असतं.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली ती बसलीच. जंभेरीवरचं फळ झाडावर थांबत नाही.

आंबियाचा, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलून दिवाळीच्या सुमारास तयार होणाऱ्या बहाराचा माल होता. व्यापाऱ्याने बगीचा पाहिला, भाव ठरला, बयाणा दिला. तोडा दिवाळीच्या चार दिवस आधी करायचा होता. दिवाळी गेली, भाऊबीज गेली, गाडी काही आली नाही. मी फोन करतोय, तिकडून "उद्या" ऐकतोय. अठराव्या दिवशी साहेब आले. पहिल्याच झाडाचं फळ हातात घेऊन देठाजवळ अंगठ्याने दाबलं. साल आत गेली आणि तिथेच राहिली, भाकरीच्या पापुद्र्यासारखी. "भाऊ, हा तं पोला झाला न. आठ दिवसाआंधी तोडाचा होता." उशीर त्याचा, आणि कापला गेला माझा भाव. त्यादिवशी तोडलेल्या फळाची साल एका फेऱ्यात निघत होती, फोडी आत सुट्या खुळखुळत होत्या, आणि वरच्या टोकाला गर कोरडा पडायला लागला होता.

त्याच आठवड्यात विहिरीपलीकडचा माल मी हात न लावता ठेवला होता. तो आणखी पंधरा दिवसांनी तोडला आणि नागपूरच्या कळमना बाजारात नेला. अंगठा तिथेही दाबला गेला, साल परत वर आली.

आता माझ्याकडे गोडी मोजायचं यंत्र नाही, वडील आहेत. दोन्हीकडची फळं सोलून, न सांगता ताटात ठेवली तर ते बहुतेक वेळा बरोबर ओळखतात. जंभेरीवरच्या फोडीला "पाणचट" म्हणतात. हे काही शास्त्र नव्हे. शिवाय दोन बगीच्यांत चार वर्षांचं अंतर आहे आणि पलीकडची जमीन जरा उताराची आहे, तेव्हा सगळं श्रेय खुंटाला देणं बरोबर नाही. रंगपूरवरचं फळ आकाराने थोडं कमी भरतं, हेही खरं. ज्याला माल ठरल्या दिवशी तोडून मिळतो, ज्याचा व्यापारी शब्दाचा पक्का आहे, त्याला माझं रडगाणं लागू नाही. असा व्यापारी सापडला तर मला कळवा.

डिंक्याचं, म्हणजे बुंध्यातून डिंक गळून साल सडण्याच्या रोगाचं म्हणाल, तर काळ्या भारी जमिनीत दोन्हीकडे लक्ष द्यावं लागतं. माझ्याकडे जंभेरीवर दर पावसाळ्यात पाच-सहा बुंधे खरवडून बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावायची वेळ येते, रंगपूरवर एखाद-दुसरा. डोळा जमिनीपासून निदान वीतभर वर भरलेला असावा आणि लावताना तो मातीत गाडला जाऊ नये. हे पाळलं नाही तर कुठलाच खुंट वाचवत नाही. विहिरीचं पाणी खारवट असेल, किंवा आंबियाची फुलं यावीत म्हणून पाणी तोडतात त्या ताणानंतर पाण्याची खात्री नसेल, तर रंगपूर जास्त सोसतो.

रंगपूरची खोट एकच, पण मोठी. एक्झोकॉर्टिस नावाचा रोग डोळाकाडीतून, म्हणजे डोळे काढायच्या फांदीतून येतो. जंभेरी तो पचवतो, रंगपूरची मात्र साल सोलून निघते आणि झाड खुरटतं. म्हणून डोळा कुठल्या झाडाचा आहे हे विचारल्याशिवाय रंगपूरवरचं कलम घेऊ नये. सगळं शेत एकाच खुंटावर लावू नये हेही आहेच. ब्राझीलमध्ये आंबट नारिंगाच्या खुंटावरची लाखो झाडं ट्रिस्टेझा नावाच्या विषाणूरोगाने मेली, म्हणून तिथले लोक रंगपूरकडे वळले. 2000 च्या सुमारास तिथे नवा रोग आला आणि रंगपूरवरचीच मोसंबीवर्गाची झाडं उभ्या उभ्या वाळली. आपल्या उपखंडातून, आताच्या बांगलादेशातल्या रंगपूरचं नाव घेऊन गेलेला खुंट, आणि धडा मिळाला तिकडे.

आणि विकत घेताना काय दिसतं? काही नाही. दोन्हींची कलमं पिशवीत सारखीच. पावतीवर रंगपूर लिहिलं म्हणजे आत रंगपूर असेलच असं नाही. माझ्या पलीकडच्या बगीच्यात धुऱ्याजवळच्या एका झाडाचा खुंटाचा फुटवा तोडायचा राहून गेला. तीन वर्षांनी त्याला फळ आलं. रंगपूरचं फळ छोटं, लालसर-केशरी, संत्र्यासारखं सहज सोलणारं आणि चवीला आंबटढाण. हे होतं पिवळं, खरबरीत, गाठीगाठीचं. जंभेरी. मग रांगेतली अंगाने जरा जास्तच दांडगी झाडं शोधली, फळं दाबून पाहिली. एकूण अकरा निघाली. रोपवाटिकावाले म्हणाले, बी मिसळलं असेल.

यंदा जुलैत अलीकडच्या बगीच्यातल्या नांग्या, म्हणजे मेलेल्या झाडांच्या मोकळ्या जागा, भरायच्या आहेत, सदतीस कलमं, रंगपूरवरचीच सांगितली आहेत. ती अकरा झाडं काढली नाहीत. बुंध्याला चुन्याचा पट्टा मारून ठेवलाय, त्यांचा माल पंधरा दिवस आधी तोडतो.