छतातल्या चार जाळ्या

आमच्या होम थिएटरच्या छताला चार गोल जाळ्या होत्या. त्यातल्या दोन जाळ्यांमागे स्पीकर नव्हता, स्पीकरसाठी भोकही पाडलेलं नव्हतं. सपाट जिप्सम बोर्डावर जाळी चिकटवून दिली होती. हे आम्हाला सात महिन्यांनी कळलं. त्या सात महिन्यांत आम्ही घरी येणाऱ्या प्रत्येकाला छताकडे बोट दाखवून "आवाज वरूनही येतो बरं का" असं सांगत होतो, आणि येणारेही मान डोलवत होते.

खोली खरं म्हणजे बाबांसाठी करायची होती. त्यांना सिनेमाचं वेड आहे, पण गुडघ्यांमुळे थिएटरच्या पायऱ्या चढवत नाहीत आणि अलीकडे ऐकूही कमी येतं. टीव्हीवर संवाद नीट कळत नाहीत म्हणून ते अर्ध्यातून उठून जायचे. घरात एक रिकामी खोली होती, म्हटलं तीच करू. ओळखीच्या ओळखीतून एक जण मिळाला. स्वतःला होम थिएटर डिझायनर म्हणवायचा. लेझरने मापं घेतली, दोन दिवसांत टॅबलेटवर आमच्याच खोलीचं रंगीत चित्र फिरवून दाखवलं. मग त्याच्या डेमोच्या खोलीत नेऊन एक विमान असं काही डोक्यावरून उडवलं की बाबा खुर्चीत मागे सरकले. तिथेच आमचा होकार झाला.

आता कळतं की तो डेमो निव्वळ मोठ्या आवाजाचा होता. एकच गाणं दोनदा लावा, दुसऱ्यांदा आवाज किंचित वाढवून. बहुतेकांना दुसरं जास्त चांगलं वाटतं. विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. डेमोला जाल तेव्हा आपल्या पाठ असलेला, दोन माणसं हळू बोलतायत असा प्रसंग सोबत न्या आणि घरी ऐकता तेवढ्याच आवाजात लावायला सांगा. विमानं आणि स्फोट कुठल्याही खोलीत भारीच वाटतात.

कोटेशन एका पानाचं होतं. "५.१.४ अ‍ॅटमॉस सिस्टीम, ४के प्रोजेक्टर, संपूर्ण साउंडप्रूफिंग, प्रीमियम वायरिंग" आणि खाली एकच ठोक रक्कम. एकाही वस्तूचा मॉडेल नंबर नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "सर, माल बुक करताना जे लेटेस्ट असेल ते देतो, आता नंबर लिहिला तर तुमचंच नुकसान." मला ते पटलं. आज कुणी मला हे वाक्य ऐकवलं तर मी त्याच मिनिटाला उठेन. मॉडेल नंबर नाही म्हणजे पुढे भांडायला काहीच हातात नाही. काय द्यायचं ठरलं होतं हे सिद्ध करता येत नसेल, तर काय दिलं नाही हे कसं सिद्ध करणार? सत्तर टक्के रक्कम त्याने काम सुरू होण्याआधी घेतली, पंचवीस टक्के छत बंद होण्याच्या आदल्या दिवशी. छताचे बोर्ड लागले तेव्हा मी आणि बायको दोघंही कामावर होतो. संध्याकाळी आलो तर पुट्टीसुद्धा मारून झाली होती. मला तेव्हा त्यांच्या वेगाचं कौतुक वाटलं होतं.

५.१.४ म्हणजे काय हे आधी सांगतो, कारण फसवणूक त्या आकड्यांतच दडली होती. पहिला आकडा कानाच्या पातळीवरच्या स्पीकरांचा: पुढे डावा, उजवा आणि मधला, बाजूला किंवा किंचित मागे दोन सराउंड. दुसरा सबवूफरचा, म्हणजे जाड, धमधमणारे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरचा. तिसरा छतातल्यांचा. डॉल्बी अ‍ॅटमॉस हे वरूनही आवाज देणारं तंत्र २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आलं आणि २०१४ पासून घरगुती रिसीव्हरमध्ये, म्हणजे सिग्नल घेऊन सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या यंत्रात, मिळू लागलं. ५.१.४ चालवायचं तर पाच अधिक चार अशा नऊ स्पीकरांना स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर चॅनल लागतात. रिसीव्हरच्या पाठीमागे तारा जोडायच्या जोड्या मोजल्या की कुणालाही कळतं, त्याला इंजिनिअर असावं लागत नाही. आमचा रिसीव्हर मात्र लाकडी कपाटात, पाठ भिंतीला टेकवून, असा बसवला होता की ती पाठ दिसायची सोय नव्हती.

दोन-तीन आठवड्यांतच तो रिसीव्हर बंद पडू लागला. शांत प्रसंगात ठीक चालायचा, हाणामारी सुरू झाली की खटकन बंद. वरून हात लावला तर चटका बसायचा. त्याला फोन केला तर म्हणाला, तुमच्या घरी विजेचा दाब वरखाली होतो. एक स्टॅबिलायझर आणून दिला, त्याचे पैसे वेगळे. बंद पडणं तसंच चालू राहिलं. मग तो फोन उचलेनासा झाला.

शेवटी जुनी ऑडिओ उपकरणं दुरुस्त करणाऱ्या एका काकांना बोलावलं. त्यांनी आधी कपाट पुढे ओढायला लावलं. टॉर्च मागे धरून ते नुसते "हं" म्हणाले आणि मला वाकून बघायला सांगितलं. स्पीकरच्या फक्त पाच जोड्या. त्यातल्या सराउंडच्या दोन जोड्यांत एकेका भोकात दोन-दोन तारा पिळून कोंबलेल्या, आणि त्यांच्याच वर बारीक अक्षरांत छापलेलं की ६ ते १६ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकर जोडावेत. काकांनी रिमोट घेऊन मेनूतून टेस्ट टोन लावला. प्रत्येक स्पीकरमधून पाळीपाळीने 'सूऽऽ' असा आवाज येतो, तोच. डावा, मधला, उजवा. मग उजव्या सराउंडची पाळी आली तेव्हा काका स्टुलावर चढले आणि त्यांनी छताच्या जाळीवर तळहात ठेवला.

"हा पण वाजतोय," ते म्हणाले. "वाजायला नको होता."

म्हणजे छतातले पुढचे दोन स्पीकर बाजूच्या सराउंडच्याच तारेला जोडलेले होते. जे बाजूने ऐकू यायचं तेच वरून. आठ ओहमचे दोन स्पीकर असे समांतर जोडले की रिसीव्हरला ते चार ओहमचे भासतात आणि त्याच्यातून दुप्पट वीज खेचली जाते. म्हणून तो तापत होता आणि जळू नये म्हणून स्वतःला बंद करत होता. घरातल्या विजेचा यात काडीचा संबंध नव्हता. मग काकांनी मागच्या जाळीला नखाने उचकटलं. डिंकाचे चार ठिपके आणि पांढरा कोरा बोर्ड. मी वर बघत उभा राहिलो. बाबा दारातून म्हणाले, "काय रे, काय झालं?" मला उत्तर देववेना.

त्या दिवसानंतर मी खोलीतली एकेक गोष्ट तपासायला घेतली.

प्रोजेक्टर. खोक्यावर "४के" आणि "९००० ल्युमेन" असं ठसठशीत छापलं होतं. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर नेटिव्ह रेझोल्यूशन, म्हणजे यंत्राचे स्वतःचे खरे ठिपके, दिलेलं होतं: १२८० गुणिले ७२०. ४के चित्रात ३८४० गुणिले २१६० ठिपके असतात, म्हणजे नेमके नऊपट. "४के सपोर्ट" याचा अर्थ एवढाच की ४के सिग्नल दिला तर यंत्र तो नाकारत नाही, आत घेऊन लहान करून दाखवतं. मेनूत "२१६०पी" अशी अक्षरंही उमटतात, आणि नेमकं तेच दाखवून त्याने माझं समाधान केलं होतं. मी संगणकावर ३८४० गुणिले २१६० आकाराचं एक चित्र केलं, एक काळी रेघ, एक पांढरी रेघ, प्रत्येक रेघ एकाच ठिपक्याच्या जाडीची. पडद्याजवळ जाऊन पाहिलं तर रेघा नव्हत्याच, सगळा राखाडी गिलावा. ही परीक्षा घरी येणाऱ्या कुठल्याही प्रोजेक्टरवर पाच मिनिटांत करता येते. काही चांगले प्रोजेक्टर कमी ठिपक्यांच्या चिपवरचं चित्र झपाट्याने किंचित सरकवून ४केच्या जवळ जाणारा परिणाम देतात, पण चांगल्या कंपन्या तसं माहितीपत्रकात लिहितात.

ल्युमेनचंही, म्हणजे उजेडाच्या मापाचंही, तेच. ल्युमेनच्या आधी "अ‍ॅन्सी" किंवा "आयएसओ २१११८" असं मोजणीचं मानक लिहिलं असेल तरच त्या आकड्याला काही अर्थ आहे. त्या पद्धतीत पडद्याचे नऊ समान भाग करून प्रत्येकाच्या मध्यावर उजेड मोजतात आणि सरासरी काढतात. नुसतं "ल्युमेन" असेल तर छापणाऱ्याच्या मनात येईल तो आकडा.

वायरिंगचं तर बघवत नव्हतं. "प्रीमियम तांब्याची" म्हणून जी तार भिंतीत गेली तिचा एक धागा मी ब्लेडने खरवडला. वरचा तांबूस रंग गेला आणि आत पांढरी चकाकी. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. त्याचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण दीडपट असतो, आणि दोन-चारदा वाकवलं की धागे तुटतात. तार घेताना टोक खरवडून बघा, दुकानदार चिडला तरी बघा. आणि चित्र आणि आवाज एकत्र नेणारी बारा मीटरची एचडीएमआय केबल त्याने पाइप न टाकता थेट गिलाव्यात गाडली होती. सेकंदाला ६० चित्रांचा ४के सिग्नल सेकंदाला साधारण १८ गिगाबिटपर्यंत जातो. एवढ्या लांबीवर साध्या तांब्याच्या केबलचा भरवसा नसतो, त्यासाठी ऑप्टिकल एचडीएमआय वापरतात, आणि तिला दिशा असते, उलटी बसली तर चालतच नाही. उद्या चांगला प्रोजेक्टर आणला तरी या केबलपायी भिंत फोडावी लागणार होती. भिंतीत केबल जाईल तिथे तिचा प्लग सहज सरकेल एवढा रुंद पाइप हवा आणि पाइपात एक मोकळी दोरी सोडलेली हवी. यासाठी हट्टच धरा.

पण मला सगळ्यात जास्त राग आला तो फोमचा, आणि म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. चारही भिंतींवर टोकदार पिरॅमिडचा करडा फोम चिकटवून त्यावर कापड ताणलं होतं, आणि याला तो "संपूर्ण साउंडप्रूफिंग" म्हणत होता. फोम आवाज अडवत नाही. खोलीतल्या खोलीत घुमणारा बारीक आवाज तो शोषतो, तेवढंच. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते, दोन इंची फोम तिला काय करणार? बेस भिंतीतून सरळ शेजारच्या खोलीत जायचा आणि मुलगी झोपेतून उठून यायची. आवाज बाहेर जाऊ द्यायचा नसेल तर वजन लागतं, दुहेरी बोर्ड लागतो, मूळ भिंतीपासून सुटी उभी केलेली चौकट लागते, पोकळीत रॉकवूल (दगडी तंतूंची गादी) लागतं आणि दार भरीव, चारही बाजूंनी रबराची पट्टी लावलेलं लागतं. आमच्या दाराखाली बोट जाईल एवढी फट होती. त्या फटीतून जेवढा आवाज जात होता तेवढ्यापुढे भिंतींवर काहीही चिकटवलं असतं तरी व्यर्थ होतं.

या फोमने खोलीचा आवाजही मेला. बारीक स्वर सगळे शोषले गेले, जाड स्वर तसेच राहिले. खोली ४.३ मीटर लांब आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर अशा खोलीत ४० हर्ट्झच्या आसपासचा स्वर दोन टोकांच्या भिंतींशी फुगतो, आणि सोफा त्याने मागच्या भिंतीलाच टेकवून ठेवला होता. बाबा सहा महिने सांगत होते, "अरे, धमधम ऐकू येतं, बोलणं ऐकू येत नाही." आम्ही त्यांच्या कानांना दोष दिला. श्रवणयंत्र बदलण्यापर्यंत गोष्ट गेली होती. हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

आणि फोम जळतो. काकांनी फोमचा एक तुकडा बाहेर नेऊन चिमट्यात धरला आणि काडी लावली. पेटता पेटता तो वितळून ठिबकत होता आणि काळा धूर येत होता. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात २००३ मध्ये एका नाइट क्लबमध्ये मंचामागच्या अशाच फोमने आतषबाजीची ठिणगी पकडली, १०० माणसं गेली. ब्राझीलमध्ये सांता मारिया इथे २०१३ मध्ये तसंच घडलं, तिथे २४२ गेली. आमच्या त्या खोलीला एकच दार आहे, आणि गुडघे दुखणारे बाबा त्या दारापासून सर्वात लांब बसायचे. भिंतीवर काहीही लावण्याआधी आगीत ते कसं वागतं याचं प्रमाणपत्र मागा. नसेल तर ते घरात आणू नका.

त्या माणसाशी शेवटचं बोलणं माझ्या भावाच्या फोनवरून झालं. तो म्हणाला, "कोटेशनमध्ये चार जाळ्यांचे चार स्पीकर असं कुठे लिहिलंय?" खरंच लिहिलेलं नव्हतं. ५.१.४ लिहिलं होतं, पण कुठला रिसीव्हर, कुठले स्पीकर, काही नाही. बाकीचं सगळं तोंडी ठरलेलं. राहिलेले पाच टक्के आम्ही दिले नाहीत, तेवढेच काय ते वाचले. असं काम कुणाला देणार असाल तर निदान वीस टक्के रक्कम हातात ठेवा, आणि सगळं बसल्यावर टेस्ट टोनने एकेक स्पीकर स्वतः कान लावून ऐकून, महिनाभर वापरून मगच द्या. वस्तू आली की खोक्यावरचा सिरियल नंबर कंपनीकडे नोंदवून बघा. प्रामाणिक माणूस याला नाही म्हणत नाही.

सध्या छत उघडं आहे. फोम पोत्यांत भरून बाहेर गेला, भिंतीवर डिंकाचे डाग राहिलेत. सोफा मागच्या भिंतीपासून मीटरभर पुढे ओढला आणि पुढचे तीन स्पीकर तेवढे लावले, तर बाबांनी परवा अख्खा सिनेमा बसून पाहिला, एकदाही "काय म्हणाला?" असं न विचारता. नव्या रिसीव्हरचे पैसे जमतील तेव्हा जमतील, पाइप आणि तारा मात्र आत्ताच टाकून घेतल्या. प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधली आणि मापाची पट्टी शेजारी धरून चौसष्ट फोटो काढले. बोर्ड लावणारे रविवारी येणार आहेत. मी घरीच असेन.