चिनी गाणी ऐकायचीत? जे चौ, कँटोपॉप, रॅप की बोलीतले बँड

"चायनीज म्युझिक" म्हणून एकच एक प्रकार नाहीये, हे आधी क्लिअर करून टाकू. ज्याने फक्त जे चौ ऐकला त्याला वाटतं सगळं गोडगोडच असतं, आणि ज्याने फक्त आयडॉल पॉप ऐकलं तो म्हणतो के-पॉपची कॉपी आहे, पुढे जातच नाही. म्हणून तुम्ही गाण्यात नेमकं काय शोधता त्यावर ठरवा.

चाल हवी असेल तर सरळ जे चौ. तैवानचा आहे, पहिला अल्बम २००० चा, आणि बरीचशी गाणी व्हिन्सेंट फांग या गीतकाराची. २००७ चं 'छिंगहुआ त्स' ऐका, निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांवरून नाव घेतलंय, मागे गुझेंग नावाचं तारांचं वाद्य वाजतं आणि चाल जवळजवळ पाचच सुरांत फिरते, आपल्या भूपाचे सा रे ग प ध तेच, त्यामुळे एक शब्द न कळताही गाणं परकं वाटत नाही. पण तो शब्द पार तोंडातल्या तोंडात गातो, तिकडचे लोकही हेच म्हणतात.

शब्द स्पष्ट ऐकू यायला हवेत? मग हाँगकाँगचं कँटोपॉप. इथे एक भारी गोष्ट आहे. चीनची मुख्य भाषा मँडरिन असो की हाँगकाँगची कँटोनीज, आवाजाचा चढउतार बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो, पण मँडरिन गाण्यात चालीपुढे हे बऱ्यापैकी सोडून देतात, कँटोनीजमध्ये मात्र चाल वर गेली तर शब्दही तसाच चढा लागतो, नाहीतर ऐकणाऱ्याला भलतंच काहीतरी ऐकू येतं, त्यामुळे तिथल्या गीतकाराचं काम खरंच अवघड आहे. सुरुवात बियाँड या रॉक बँडपासून करा. त्यांचा गायक वाँग का कुई १९९३ मध्ये टोकियोत टीव्ही शोच्या स्टेजवरून पडून गेला, फक्त ३१ वर्षांचा होता, आणि त्याच वर्षी आलेलं त्याचं शेवटचं मोठं गाणं २०१४ च्या हाँगकाँग आंदोलनात लोक रस्त्यावर उभे राहून गात होते. शांत काही हवं असेल तर हाँगकाँगचाच गायक ईसन चॅन.

रॅपवाल्यांनी चंगदूचे हायर ब्रदर्स घ्या, सिचुआनी बोलीत रॅप करतात आणि ती बोली बीटवर मस्त बसते. २०१७ मध्ये 'द रॅप ऑफ चायना' या शोमुळे हिपहॉप घरोघरी पोचलं आणि २०१८ च्या जानेवारीत लगेच टीव्हीवर त्याला लगाम बसला. जुनं रॉक हवं तर त्सुई जियान, १९८६ पासूनचा माणूस, चिनी रॉकचा बापच. आयडॉल पॉप मी कोणाला सुचवणार नाही, दिसायला छान असतं पण दुसऱ्यांदा ऐकावंसं वाटत नाही.

माझा जीव मात्र बोलीतल्या बँडमध्ये अडकलाय. सेकंड हँड रोझ हा बीजिंगचा बँड, पण त्यांचा मूळ रस ईशान्य चीनच्या एररेनझुआन या लोककलेचा, दोघांनी मिळून गायचं, नाचायचं आणि एकमेकांना कोपरखळ्या मारायच्या, थेट आपल्या तमाशातली बतावणी. गायक लियांग लाँग बायकी मेकअप करून उभा राहतो आणि इलेक्ट्रिक गिटारच्या डोक्यावर बसून सुओना वाजते, सनईचीच नातेवाईक पण फार मोठ्या आवाजाची, हेडफोनवर जरा बेताने ऐका.

आणि वूत्याओरेन. ग्वांगडाँगमधल्या हायफंगचे, गाण्याआधी रस्त्यावर पुस्तकं, सीड्या विकायचे. २०२० मध्ये 'द बिग बँड' शोमध्ये ठरलेलं मँडरिन गाणं ऐनवेळी सोडून यांनी हायफंगच्या बोलीतलं गाणं म्हटलं, जे बहुतेक चिनी प्रेक्षकांनाही कळलं नाही, एलिमिनेट झाले, लोकांनी मतं देऊन परत आणलं आणि शेवटी दुसरे आले. अकॉर्डियन, गिटार आणि तालुक्याच्या गावातली माणसं, एवढ्यावर उभं असलेलं गाणं आहे ते. आपली बोली लाजून मागे ठेवायची नसते हे मला यांच्याइतकं ठामपणे कोणी दाखवलेलं नाही.

एकच प्रकार निवडायचा असेल तर पहिल्यांदा ऐकणाऱ्याने जे चौ, आणि ज्याला लावणी, गोंधळ, भारूड मनापासून आवडतं त्याने बिनधास्त वूत्याओरेनपासून सुरुवात करावी. क्यूक्यू म्युझिक हे चिनी गाण्यांचं अ‍ॅप शोधत बसू नका, ते आपल्याकडच्या २०२० च्या चिनी अ‍ॅप्सवरच्या बंदीत गेलं, यूट्यूबवर यातलं बरंच सापडतं. वूत्याओरेनची आधी लाइव्ह रेकॉर्डिंग बघा, स्टुडिओतली नंतर.