खान्देशात इंग्रजी परीक्षेचं ॲप काढायचंय? आयईएलटीएस, बारावी, सरळसेवा की टीईटी?

दिवाळीत भाचा शहाद्याहून आला तो लॅपटॉप उघडूनच. हिंजवडीत नोकरी, गाठीला थोडी शिल्लक आणि डोक्यात ॲप. "मामा, आयईएलटीएसचं करतोय. आपल्याकडे कुणीच केलेलं नाही." आयईएलटीएस म्हणजे परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा. त्याच्या तक्त्यात पहिलीच ओळ खान्देशच्या लोकसंख्येची. २०११ च्या जनगणनेत जळगाव ४२ लाख, धुळे साडेवीस लाख, नंदुरबार साडेसोळा लाख, म्हणजे एकूण ७९ लाख. त्यातला नुसता अर्धा टक्का धरला तरी, असं म्हणून त्यानं जो आकडा काढला तो ऐकून त्याच्या आईनं त्याला न मागता आणखी दोन करंज्या वाढल्या.

मी धुळ्यात देवपूरला बरीच वर्षं इंग्रजीचे क्लास घेतले, आता अभ्यासिका चालवतो. मध्ये एकदा ॲपमध्ये हातही पोळून घेतलेत. भाच्याशी दोन दिवस जे बोलणं झालं ते इथं मांडतो, कारण हाच प्रश्न घेऊन वर्षाला दोघं-तिघं तरी माझ्याकडे येतात.

लोकसंख्येचा अर्धा टक्का कधीच गिऱ्हाईक होत नाही. ज्याच्या परीक्षेची तारीख पडलीय आणि जो फी भरून मोकळा झालाय, तो गिऱ्हाईक. बाकीचे ॲप उतरवून घेतात, दोन प्रश्न सोडवतात आणि गॅलरीत जागा कमी पडली की पहिलं तेच काढून टाकतात. त्यामुळे आयईएलटीएस, बारावी, सरळसेवा (सरकारी नोकरभरती) आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) या चारही परीक्षांना मी एकच प्रश्न लावला: इथं खिशात हात घालणारा कोण?

आयईएलटीएस आणि तिची भावंडं

ही परीक्षा दिसायला सगळ्यात देखणी. ऐकणं अर्धा तास, वाचन एक तास, लेखन एक तास, बोलणं ११ ते १४ मिनिटं, आणि गुणांऐवजी ९ पैकी बँड. परीक्षेची फी १७-१८ हजारांच्या घरात. एवढे पैसे भरणारा माणूस तयारीला हजार-दोन हजार सहज देईल, हा भाच्याचा हिशोब चूक नाही. वर परीक्षा बारमाही. बाकी तिन्ही परीक्षांना हंगाम असतो, हिला नाही.

पण खान्देशात तो माणूस कोण? शिरपूर, फैजपूर, जळगावकडची इंजिनिअरिंग-फार्मसीची पोरं आणि परदेशाची वाट धरणाऱ्या थोड्या नर्सेस. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर वाचन, ऐकणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ लागतात; तिथं अर्ध्या बँडसाठी माणूस तीन-तीन वेळा बसतो, म्हणून नर्सेसचं गिऱ्हाईक चिवट. मात्र तीनही जिल्हे मिळून ही मंडळी मोजकी. त्यातही परदेशी जायचं नक्की झालेला पोरगा तयारीसाठी बहुधा पुण्यात नाहीतर नाशकात खोली घेतो. तो खान्देशचा असला तरी ॲप निवडताना खान्देशातला राहत नाही.

दुसरी अडचण फुकटाची. परीक्षा घेणाऱ्या संस्थाच सराव साहित्य मोफत देतात. त्यांच्यापुढे तुमच्या सराव परीक्षेला किंमत येते ती लेखन आणि बोलणं तपासून दिलंत तरच. ते माणसाकडून तपासून घ्या किंवा एआयकडून, दर निबंधामागे खर्च आहेच.

तिसरी अडचण आपल्या हातातली नाही. कॅनडानं जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा जाहीर केली आणि ८ नोव्हेंबर २०२४ ला विद्यार्थ्यांची जलद व्हिसा योजनाच बंद केली. ऑस्ट्रेलियानं त्याच वर्षी जुलैत विद्यार्थी व्हिसाची फी ७१० वरून १६०० डॉलरवर नेली. कॅनडाच्या राजधानीत, ओटावात कागद हलतो आणि शिरपुरातलं सबस्क्रिप्शन थांबतं. त्यात एकट्या आयईएलटीएसवरही आता भागत नाही. संगणकावरची, दोन तासांत आटोपणारी पीटीई आहे, टोफेल आहे, आणि घरबसल्या तासाभरात होणारी स्वस्त ड्युओलिंगो आहे. चौघींचे प्रश्न वेगळे, म्हणजे मजकूरही चार वेळा लिहायचा.

बारावी

आकड्यांवर भाळायचं असेल तर इथं भाळा. राज्यात दरवर्षी १४-१५ लाख मुलं बारावीला बसतात, आणि इंग्रजी सगळ्यांना सक्तीची. धुळे, जळगाव, नंदुरबार नाशिक विभागीय मंडळात येतात. पेपर ८० गुणांचा, तोंडी वगैरे मिळून २० गुण कॉलेजकडे.

तरी मी भाच्याला स्पष्ट सांगितलं, इकडे फिरकू नकोस. २०२५ चा बारावीचा निकाल ९१.८८ टक्के लागला. दहातले नऊ पास होतात त्या परीक्षेच्या भीतीवर धंदा उभा राहत नाही. ज्याला इंग्रजीत ९० हवेत त्याचं लक्ष नीट किंवा सीईटीकडे असतं, ज्याला ३५ हवेत तो शेवटच्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानातून स्पायरल बांधलेल्या नोट्स उचलतो. हा झेरॉक्सवाला तुमचा खरा स्पर्धक. त्याला सर्व्हर लागत नाही, जाहिरात लागत नाही, आणि उधारीही चालते.

माझे हात पोळले ते इथंच. बारावीच्या व्याकरणाचं ॲप काढलं होतं. डाउनलोड हजाराच्या पुढे गेले, मी पेढे वाटले. पैसे भरणारे निघाले एकोणीस. त्यातले दोघे माझे चुलतभाऊ. वर ॲप बनवणाऱ्यानं ते स्वतःच्या खात्यावरून प्ले स्टोअरला चढवलं होतं; व्यवहारावरून बिनसलं तेव्हा ॲप, त्यावरचे अभिप्राय, सगळं त्याच्याकडेच राहिलं. खातं स्वतःच्या नावानं काढा. एकदाच २५ डॉलर लागतात. नवं वैयक्तिक खातं असेल तर बारा जणांकडून सलग १४ दिवस ॲप वापरून घेतल्याशिवाय गूगल ते सगळ्यांसाठी खुलं करू देत नाही. बारा माणसं जमवताना नाकी नऊ आले तर बाजाराबद्दल तेवढ्यावरच बरंच कळलं असं समजा.

सरळसेवा आणि स्पर्धा परीक्षा

माझ्या अभ्यासिकेत सकाळी सहाला कुलूप उघडायला थांबलेली पोरं याच परीक्षांची. साक्री, शिंदखेडा, पारोळ्याकडची. खोलीभाडं, मेस आणि अभ्यासिकेचे महिन्याचे पैसे भरून दोन-तीन वर्षं काढतात. परीक्षेवर खर्च करायची सवय यांना आधीच लागलेली असते.

२०२३ ची तलाठी भरती पाहा. साडेचार हजारांच्या आसपास जागा, दहा लाखांहून जास्त अर्ज, खुल्या गटाला फी १००० रुपये. १०० प्रश्नांत २५ इंग्रजीचे, म्हणजे २०० पैकी ५० गुण. बँकांची भरती घेणाऱ्या आयबीपीएसच्या क्लार्क पूर्व परीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत. स्टाफ सिलेक्शनच्या पदवीधर परीक्षेत पहिल्या टप्प्यात २५ प्रश्न. एमपीएससीच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेत नव्या वर्णनात्मक पद्धतीप्रमाणे इंग्रजीचा ३०० गुणांचा पेपर आला. त्यात २५ टक्के मिळवले की झालं, पण तेवढे मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर कितीही चांगले जाऊनही उपयोग नाही. मराठी माध्यमातल्या हुशार पोराची झोप उडवतात ते हे ७५ गुण.

एक खोट आधीच सांगून ठेवतो. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत इंग्रजी नाही. खान्देशात मैदानावर पहाटे पळणाऱ्या पोरांची गर्दी पाहून 'केवढं मार्केट' म्हणाल, पण त्यातली बरीच तुमची नाहीत. तो आकडा आधीच वजा करा.

इथं स्पर्धाही तगडी. देशभर चालणारी ॲप्स वर्षभराचा पास मातीमोल भावात देतात. मात्र त्यांचं स्पष्टीकरण हिंदीत नाहीतर इंग्रजीत. अभ्यासिकेतल्या एका पोराला मी फुटक्या काचेचा मोबाइल तोंडाजवळ धरून बसलेला पाहिला. उत्तर चुकलं होतं, खाली कारण इंग्रजीत लिहिलेलं, आणि तो ते कारणच दुसऱ्या ॲपमधून मराठीत करून घेत होता. रिकामी जागा म्हणतात ती ही.

भरतीच्या जाहिरातीचा भरवसा मात्र नाही. भरती निघाली की सहा आठवडे विक्री, मग सुकाळ संपला. कापसासारखंच, भाव आला तेव्हा माल घरात पाहिजे.

टीईटी, जिच्याकडे कुणी पाहत नाही

गेल्या वर्षी साक्री तालुक्यातल्या एक बाई अभ्यासिकेत आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, पंचविसेक वर्षं नोकरी झालेली. पोरांच्या रांगेत लेकीचं पाऊच घेऊन बसल्या. सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ ला निकाल दिला की ज्यांची पाच वर्षांहून जास्त नोकरी उरलीय त्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी काढावी लागेल. परीक्षा १५० गुणांची, खुल्या गटाला ९० हवेत. मराठी माध्यमाच्या शिक्षकाची पहिली भाषा मराठी, दुसरी बहुधा इंग्रजी, तिचे ३० गुण. बाईंचं सगळं अडलं होतं या तिसांवर. "सर, ह्या वयात ते ए अन् ॲन डोक्यात बसतील का?"

त्यांना व्हॉवेल-कॉन्सोनंट काही सांगितलं नाही. म्हटलं, शब्द देवनागरीत लिहा. 'युनिव्हर्सिटी' लिहिलं. पहिलं अक्षर 'य', व्यंजन, म्हणून ए. 'अवर' लिहिलं, तास या अर्थाचा. इंग्रजीत एचनं सुरू होणारा, पण देवनागरीत 'अ', स्वर, म्हणून ॲन. 'एमएलए' ला 'ए', स्वर, ॲन. 'वन-रुपी नोट' ला 'व', व्यंजन, ए. चौथ्या शब्दाला त्यांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं. पहिली ते चौथी शिकवणाऱ्या बाईंना स्वर-व्यंजन मी काय शिकवणार!

'सिन्स' आणि 'फॉर' चंही तेच. मराठीत 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून' दोन्हीकडे 'पासून', म्हणून आपली मंडळी हमखास 'सिन्स टू इयर्स' लिहितात. चूक कुठून येते हे मराठीतून दाखवलं की पुन्हा होत नाही. असे शंभर-सव्वाशे खाचखळगे मराठीत नीट समजावून लिहिले तर तेच टीईटीला चालतात, तलाठीला चालतात, बँकेच्या परीक्षेलाही बरेचसे चालतात. आयईएलटीएसचा मजकूर असा चार ठिकाणी फिरत नाही.

शिक्षकाला पगार आहे, मुदत आहे, आणि अपयशाची किंमत थेट नोकरी. एका केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एकानं ॲप घेतलं तर बाकीच्या दहांना व्हॉट्सॲपवर रात्रीच कळतं. धोका एवढाच की हा सगळा बाजार एका निकालावर उभा आहे. उद्या त्यात सवलत मिळाली तर गर्दी ओसरेल. म्हणून एकट्या टीईटीवर दुकान थाटू नये, तिला सरळसेवेच्या जोडीनं घ्यावं.

पैशाचं आणि रेंजचं

ॲपची किंमत ४९९ ठेवलीत तर हातात ४९९ येत नाहीत. १८ टक्के जीएसटी आतला धरला तर उरतात सुमारे ४२३, त्यातून प्ले स्टोअरचे १५ टक्के गेले की ३६० च्या आसपास. त्यात जाहिरात, सर्व्हर, मजकूर लिहिणारा. आमच्याकडे मुलं किमतीआधी "फुकट शे का?" विचारतात, हेही धरून चाला. मला विचाराल तर टीईटीला ४९९ चालतील, सरळसेवेला १९९ च्या वर जाऊ नका.

धडगाव, मोलगीकडचा शिक्षक रेंजसाठी टेकडीवर चढतो. त्याच्यासाठी धडे एकदा उतरवून घेता आले पाहिजेत. व्हिडिओ कमी, मजकूर जास्त. जुलै २०२४ मध्ये रिचार्ज महागल्यापासून रोजचा डेटा संध्याकाळपर्यंत पुरवून वापरायची सवय पोरांना लागलीय, आणि त्यात रील्सचा वाटा आधी निघतो.

भाचा तरी आयईएलटीएसवर अडून होता. मग मी त्याला एक काम दिलं. लॅपटॉप घरी ठेव, इंग्रजीचे तीस प्रश्न मराठी स्पष्टीकरणासह कागदावर काढ, वीस रुपये किंमत लाव आणि आठवडाभर अभ्यासिकेच्या दारात बस. शेजारी आयईएलटीएसच्या सराव परीक्षेचाही गठ्ठा ठेव, त्याच किमतीला.

आयईएलटीएसच्या चार प्रती गेल्या. त्यातली एक बँकेची परीक्षा समजून नेली होती, ती परत आली. तीस प्रश्नांचा गठ्ठा तिसऱ्या दिवशी संपला आणि भाचा झेरॉक्सच्या दुकानात गेला, तर तिथं त्याच्याच प्रश्नांची प्रत काउंटरवर पंधरा रुपयांना विकायला ठेवलेली होती.