पोव्हिडोन आयोडीन १० टक्के: छेदाआधी उत्तम, टाक्यांवर रोज नको

पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाला बहुतेक लोक 'बीटाडिन'च म्हणतात, कंपनी कुठलीही असो. बाटलीवरचे १० टक्के म्हणजे प्रत्यक्ष उपयोगी पडणारं आयोडीन साधारण १ टक्का. ५ टक्केवाल्यात त्याच्या निम्मं. ७.५ टक्क्यांचं स्क्रब मात्र साबणयुक्त असतं, ते हात आणि अखंड त्वचा धुवायला. उघड्या जखमेत ओतू नये.

ऑपरेशनआधीच्या तयारीत आमचे पूर्ण गुण, पण अट वेळेची. त्वचा आधी स्वच्छ हवी. छेदाच्या जागेपासून बाहेर लावत जायचं, बाहेर गेलेला बोळा परत आत आणायचा नाही. मग दोन-तीन मिनिटं आपोआप वाळू द्यायचं. आयोडीन हळूहळू सुटतं, त्यामुळे घाईने पुसून ड्रेप (छेदाच्या भोवती पसरायचं निर्जंतुक कापड) टाकला की जंतू मरायच्या आधीच औषध निघून जातं. ओघळ पाठीखाली किंवा टूर्निकेटखाली (रक्तप्रवाह थांबवायला आवळलेल्या पट्ट्याखाली) साचला तर कातडी भाजल्यासारखी सोलते, हेही पाहावं. रक्त आणि पू याचा जोर मारतात, म्हणून घाणेरडी जखम आधी सलाइनने धुवायची. तपकिरी रंग फिका पडला की आयोडीन संपत आलं समजा.

प्रतिस्पर्धी म्हणजे अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडिन. त्याचा परिणाम जास्त टिकतो, आणि २०१६च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात अखंड त्वचेसाठी त्यालाच पसंती आहे. आमचीही. पण ओलं असताना कॉटरी (रक्तस्राव थांबवायला ऊती जाळणारं विजेचं उपकरण) लावली तर पेट घेतं, आणि डोळे व कानाच्या आत चालत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोन आयोडीनच घालतात.

घरी आल्यावर मात्र गुण कापावे लागतात. स्वच्छ, नीट जुळलेल्या टाक्यांना याची रोज गरज नसते. सर्जनने वेगळं सांगितलं नसेल तर पहिले ४८ तास ड्रेसिंग तसंच ठेवावं, नंतर साध्या पाण्याने अंघोळ करून जागा टिपून घ्यावी. रोज ओतत राहिलं की कातडी खाजते, पुरळ येतं, आणि तपकिरी डागाखाली वाढणारी लाली दिसतच नाही. शेवटचा तोटा सगळ्यात वाईट. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून समाधान वाटतं खरं, पण तो नव्या पेशींनाही मारतो.

थायरॉइडचा आजार असेल किंवा रुग्ण तान्हं बाळ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. बाटलीत बोळा बुडवू नका, थोडं वाटीत ओतून घ्या. जंतुनाशकाच्या बाटलीतही जंतू वाढल्याची उदाहरणं आहेत. कपड्यांवरचा डाग ताजा असतानाच पाण्याने निघतो, खळ घातलेल्या कापडावर मात्र निळा-काळा होतो.

ताप, पसरत जाणारी लाली, वाढतं दुखणं, पू किंवा उसवणारा टाका दिसला तर दुसरी बाटली आणू नका, सर्जनकडे जा. संसर्ग ३० दिवसांपर्यंत डोकं वर काढू शकतो. कृत्रिम सांधा किंवा हाडाला धातूची प्लेट बसवली असेल तर आणखी उशिरानेही.