गाडी लीजवर की कर्जावर: मालक कोण, विमा कोणाचा?

कर्ज काढून घेतलेली गाडी पहिल्या दिवसापासून तुमची. बँकेचा बोजा तिच्यावर असतो, पण मालक तुम्हीच. लीजवरच्या, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेतलेल्या गाडीची मालकी मात्र लीज कंपनीकडेच राहते. तुम्ही फक्त वापरणारे. म्हणून ती विकता येत नाही, परवानगीशिवाय तिच्यात बदलही करता येत नाहीत.

खरी गोम विम्यात आहे. हप्ते फिटल्यावर मालकाला फक्त थर्ड पार्टी विम्यावर (जो दुसऱ्याचं नुकसान भरतो, आपल्या गाडीचं नाही) भागवता येतं. लीजमध्ये ती सोय सहसा नसते: सर्वसमावेशक विमा, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसानही भरणारा, मुदत संपेपर्यंत हवा, आणि तो किती रकमेचा हेही बहुधा कंपनीच ठरवते. प्रीमियम अनेकदा भाड्यातच धरलेला असतो, तेव्हा करार नीट वाचा. गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली, तर भरपाई आधी लीज कंपनीला. समजा, करारानुसार देणं 100 निघतं आणि विमा बाजारभावाने 80 देतो. उरलेले 20 तुमच्या खिशातून, हा फरक भरून देणारा गॅप विमा नसेल तर. कर्जातही हा खड्डा पडतो, फक्त डाउन पेमेंट मोठं असेल तर तो उथळ असतो.

दहा वर्षं एकच गाडी वापरणाऱ्याने लीजच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.