रास्पबेरी पाय ४ आणि कोडी: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

टीव्हीला जोडायचा मीडिया प्लेयर म्हणून रास्पबेरी पाय ४ हा एका बोर्डावरचा छोटा संगणक आणि त्यावर लिब्रेएलेक, म्हणजे कोडी हे सिनेमे-गाणी लावायचं सॉफ्टवेअर चालवणारी प्रणाली, ही जोडी आमच्या घरी बरेच महिने रोज चालते आहे. आधीच सांगून टाकतो: चित्रपट, मालिका, गाणी, घरचे व्हिडिओ असं सगळं स्वतःच्या डिस्कवर जपून ठेवणाऱ्यांसाठी इतकं मनासारखं साधन मी दुसरं वापरलेलं नाही. ज्यांचं पाहणं फक्त ओटीटीवर होतं त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. या बोर्डाला वाइडवाइन या नक्कल रोखणाऱ्या प्रणालीची एल१ ही सर्वात वरची पातळी नाही, त्यामुळे सशुल्क सेवांचं पूर्ण दर्जाचं चित्र त्यावर मिळेलच असं नसतं. त्या कामाला साधी टीव्ही स्टिक बरी.

पायवर कोडी चालवायचे मार्ग बरेच आहेत. मी लिब्रेएलेक निवडलं, कारण त्यात कोडी चालवण्यापुरतीच प्रणाली असते, बाकी काही नाही. २०१६ साली ओपनएलेक या तशाच जुन्या प्रकल्पातून वेगळा झालेला हा प्रकल्प. यातला प्रणालीचा भाग केवळ वाचता येतो, त्यावर चालू असताना काही लिहिलं जात नाही. आपली सेटिंग्ज आणि लायब्ररी वेगळ्या 'स्टोरेज' विभागात राहते. म्हणून कुणी टीव्हीबरोबर पायचंही बटण थेट बंद केलं तरी पुढच्या वेळी तो बहुधा मुकाट्याने सुरू होतो. घरातल्या सगळ्यांनी वापरायच्या वस्तूला हे हवंच. इन्स्टॉल करण्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही: इमेजर या सॉफ्टवेअरने मेमरी कार्डावर प्रणाली लिहा, कार्ड खोचा, भाषा आणि वाय-फाय निवडा, झालं.

खरा वेळ द्यावा लागतो तो वीजपुरवठ्याला. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो, आणि फोनचे चार्जर यात सर्रास कमी पडतात. आकडा चार्जरवर बरोबर छापलेला असतो, पण बारीक केबलमध्ये व्होल्टेज गळतं. बोर्डापाशी ते ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं छोटं चिन्ह चमकून जातं. ते दिसलं तर कार्ड, डिस्क, कोडी, कशालाही हात लावायच्या आधी अडॅप्टर बदला. एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कमार्गे, आत जाऊन 'vcgencmd get_throttled' ही आज्ञा दिली आणि उत्तर शून्य आलं, तर सुरू झाल्यापासून वीज एकदाही कमी पडलेली नाही असं समजा. चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरपर्यंतच वीज मिळते हेही लक्षात ठेवा. अडीच इंची फिरती डिस्क सुरू होताना बराच करंट ओढते. दोन जोडल्या तर ऐन सिनेमात एक गायब होऊ शकते. स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क किंवा वीज जोडलेला यूएसबी हब घेतला की हा प्रश्न मिटतो.

दुसरी गोष्ट फ्रेम रेटची, आणि माझ्या मते चित्राच्या दर्जात सगळ्यात मोठा फरक तिनेच पडतो. बहुतेक चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचे असतात आणि टीव्हीला पाय पाठवतो ६० हर्ट्झ. २४ चे ६० करायला एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दाखवावी लागते. कॅमेरा संथपणे डोंगरावरून किंवा गर्दीवरून सरकतो तेव्हा हा असमानपणा हिसक्यांसारखा दिसतो. माणसं बोलत बसलेली असतात तेव्हा कळतही नाही, म्हणून कित्येकांना वाटतं की फाइलच खराब आहे. कोडीच्या प्लेयर सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' हा पर्याय 'ऑन स्टार्ट / स्टॉप' वर ठेवा आणि डिस्प्लेच्या सेटिंग्जमधल्या व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे परवानगीच्या यादीत, टीव्हीला झेपणारे रेट निवडा. मग सिनेमा लागताना पडदा क्षणभर काळा होतो, टीव्ही २४ वर जातो आणि चित्र लोण्यासारखं सरकतं. त्या काळ्या क्षणात सुरुवातीचा आवाज हुकू नये म्हणून रेट बदलताना थोडं थांबायची सोयही तिथेच आहे. मेन्यू १०८०पी वरच ठेवा. ४के फाइल लागली की व्हाइटलिस्टमुळे रेझोल्यूशन आपोआप बदलतं.

४के बद्दल अपेक्षा नेमक्या असाव्यात. व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतींपैकी एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ च्या १०-बिट फाइली पाय ४ हार्डवेअरवर उलगडतो, ४के ६० फ्रेमपर्यंत, आणि प्रोसेसर निवांत असतो. एच.२६४ हार्डवेअरवर १०८०पी पर्यंत. एव्ही१ आणि व्हीपी९ ला हार्डवेअर नाही, त्यामुळे त्यांच्या ४के फाइली विसरा. उजेड-अंधाराच्या जास्त छटा दाखवणारं एचडीआर१० नीट जातं, त्याच धर्तीचं डॉल्बी व्हिजन नाही. केबल दोनांपैकी यूएसबी-सी जवळच्या एचडीएमआय पोर्टलाच लावा. ४के ६० हर्ट्झ तिथूनच मिळतं आणि त्यासाठी कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ चालू करावी लागते.

घरच्यांना हा डबा आपलासा वाटला तो सीईसीमुळे. एचडीएमआयच्या तारेतूनच टीव्हीचा रिमोट पायपर्यंत पोहोचतो, वेगळा रिमोट लागत नाही. प्रत्येक कंपनी याला आपलं वेगळं नाव देते, म्हणून टीव्हीच्या मेन्यूत नुसतं 'सीईसी' शोधून सापडलं नाही तर दमू नका. एक सेटिंग मात्र पहिल्याच दिवशी बदला. सिस्टिम, इनपुट, पेरिफेरल्स, सीईसी अडॅप्टर असं आत गेलं की टीव्ही बंद झाल्यावर काय करायचं ते विचारलेलं असतं. तिथे 'इग्नोर' निवडा. नाहीतर टीव्हीबरोबर पायही बंद होतो, आणि पूर्ण बंद झालेला पाय ४ टीव्हीच्या रिमोटने जागा होत नाही, वीज काढून पुन्हा द्यावी लागते. तो चालूच राहू दे, रिकामा असताना वीज अगदी थोडी खातो. वीज गेली-आली आणि टीव्ही बंद असतानाच पाय सुरू झाला तर कधी चित्रच येत नाही, कारण समोर कुठला पडदा आहे हे त्याला कळलेलं नसतं. टीव्ही चालू असताना एकदा 'getedid create' ही आज्ञा देऊन रीबूट केलं की टीव्हीची ओळख साठवली जाते. आमच्याकडे त्यानंतर ही तक्रार उरली नाही.

लायब्ररी सुंदर दिसणं हे नावांवर अवलंबून. प्रत्येक चित्रपटाचं वेगळं फोल्डर, नाव आणि पुढे वर्ष. मालिकेला सीझन-एपिसोडचे आकडे. एवढी शिस्त पाळली की पोस्टर, कलाकार, सारांश आपोआप भरतात. जुन्या, कमी माहीत असलेल्या चित्रपटांची जुळणी चुकते, तिथे शेजारी त्या चित्रपटाची माहिती लिहिलेली एनएफओ फाइल ठेवावी. घरच्या व्हिडिओंच्या फोल्डरला 'नन' हा प्रकार द्या, नाहीतर लग्नाच्या व्हिडिओला कुठल्यातरी परदेशी सिनेमाचं पोस्टर चिकटतं. देवनागरी सबटायटलच्या जागी चौकोन दिसत असतील तर फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात साठवून घ्या, देवनागरी अक्षरं असलेला फॉन्ट कोडीच्या 'मीडिया' फोल्डरातल्या 'फॉन्ट्स' मध्ये टाका आणि सबटायटलच्या सेटिंगमध्ये तो निवडा.

खटकणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत. टीव्हीच्या रिमोटने शोधशब्द टाइप करणं कंटाळवाणं, त्यासाठी फोनवर कोरे हे ॲप घ्यावं. यूएसबी ३ ची डिस्क चालू असताना २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय अडखळू शकतं. ५ गिगाहर्ट्झ किंवा सरळ नेटवर्क केबल वापरा. पंखा मी लावलेला नाही. अ‍ॅल्युमिनियमची केस पुरते, आणि रात्री शांत प्रसंगात खोलीत कसलीही घरघर नसते, हे मला फार मोलाचं वाटतं. कार्ड कधीतरी दगा देणारच, म्हणून लिब्रेएलेकच्या स्वतःच्या सेटिंग्जमधून बॅकअप घ्या आणि ती फाइल दुसऱ्या संगणकावर ठेवा. नव्या कार्डावर ती परत चढवली की पाहिलेल्या भागांच्या खुणांसकट सगळं जागच्या जागी येतं.

नव्याने घेणाऱ्यांनी पाय ५ चा विचार करताना एवढं पाहावं: २०२३ साली आलेल्या त्या बोर्डात एच.२६४ चं हार्डवेअर डिकोडिंग काढून टाकलं आहे, पण प्रोसेसर इतका वेगवान आहे की १०८०पी ला अडचण येत नाही. मेन्यू जास्त चपळ आहे आणि बोर्डावर पॉवर बटणही आहे. फक्त डिस्कवरचे सिनेमे बघायचे असतील तर २ जीबीचा पाय ४ पुरेसा आहे. वाचलेले पैसे चांगल्या अडॅप्टरवर आणि डिस्कवर घाला.