कैलासपतीचं मूळ गाव शोधताना जीबीआयएफ

दक्षिण अमेरिकेतल्या झाडांचे हर्बेरियममधले, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातले नमुने भायखळ्यात घरबसल्या, एक पैसा न मोजता बघता येतात, यासाठी मी जीबीआयएफ (GBIF) या जगभरातल्या जीवांच्या नोंदी एकत्र ठेवणाऱ्या संकेतस्थळाची मनापासून ऋणी आहे. मी राणीच्या बागेत लोकांना झाडं दाखवते. कैलासपतीखाली आलं की कुणीतरी म्हणतंच, "हे तर आपलं, शंकराच्या देवळातलं झाड!" फुलातली ती पिंडी आणि तिच्यावरचा नागाचा फणा बघितल्यावर तसं वाटणारच. पण ओब्ले या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये त्याचं वर्णन केलं, ते दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानाच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात. हे नुसतं सांगून लोकांना पटत नाही. नोंदी दाखवल्या की पटतं.

शोधताना कौरुपिटा गियानेन्सिस (Couroupita guianensis) हे शास्त्रीय नावच टाका. आधी सगळ्या जगभर ठिपके दिसतील, कारण लोकांनी मोबाइलवर काढलेले फोटोही त्यात असतात. 'प्रिझर्व्ड स्पेसिमेन' हा फिल्टर लावला की दाबून, वाळवून ठेवलेले नमुने तेवढे उरतात. मग घाई न करता एकेक नोंद उघडा. संग्राहकाचं नाव, त्याचा क्रमांक, तारीख, ठिकाण, आणि नशीब असेल तर शीटचा, म्हणजे नमुना चिकटवलेल्या कागदाचा फोटो. क्यू, पॅरिस, न्यूयॉर्क अशा मोठमोठ्या हर्बेरियमच्या नोंदी एकाच जागी मिळतात. मला सगळ्यात आवडतं ते हे, की हर्बेरियमने पाठवलेला मूळ मजकूर आणि संकेतस्थळाने लावलेला अर्थ दोन्ही शेजारीशेजारी बघता येतात. शंका आली की मी मूळ मजकूर धरते.

ठिपके मोजून मात्र काही ठरवू नका. संग्राहक एकाच झाडाचे अनेक नमुने करून वेगवेगळ्या हर्बेरियमना पाठवतात, त्यामुळे एकच संग्रह तीन-चार नोंदींत येऊ शकतो. नाव आणि क्रमांक जुळतो का ते बघा. जुन्या लेबलांवर अक्षांश-रेखांश नसतात. गावाच्या किंवा नदीच्या नावावरून ते नंतर भरले जातात आणि ठिपका बराच लांब पडू शकतो. शिवाय बागेत लावलेल्या झाडाचा नमुना आणि जंगलातला नमुना नकाशावर सारखाच दिसतो. भारत, श्रीलंकेतल्या ठिपक्यांनी गोंधळू नका, लेबल वाचा.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी नोंदी उतरवून घ्यायच्या असतील तर मोफत खातं उघडावं लागतं. फाइल तयार झाली की ईमेल येतो, आणि प्रत्येक डाउनलोडला स्वतंत्र डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक मिळतो. विद्यार्थ्यांनी तो संदर्भात द्यायलाच हवा. ज्यांनी चिखल तुडवत हे नमुने गोळा केले आणि ज्यांनी ते जपले, त्यांचं श्रेय त्यातूनच पोचतं.

मराठीत हे सगळं नाही, याची मला खंत आहे. लेबलंही कधी पोर्तुगीज, कधी फ्रेंच. तरी अडून राहू नका. आणि प्रत्यक्ष शीट कशी असते ते बघावंसं वाटलं, तर धोबी तलावाजवळ सेंट झेवियर्समध्ये १९०६ पासूनचं ब्लाटर हर्बेरियम आहे. आधी परवानगी विचारा, मगच जा.